नॉमिनीचा रकाना

मंजुळाला फक्त एक सही हवी होती. पण ती सही होती गुणाजीची, म्हणजे तिच्या सासऱ्याची. ब्याऐंशीच्या गिरणी संपानंतर कुणी सहीसाठी कागद पुढे केला, की हा माणूस आधी कागद आणणाऱ्याचा बाप काढायचा आणि मग चष्मा.

बाकीचं सगळं तिने निभावलं होतं. बारा वर्षं विम्याची एजंट म्हणून लालबाग-परळच्या चाळी पायाखाली घातल्यावर, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी बाईंच्या डोक्यात सल्लागार व्हायचं खूळ शिरलं. पॉलिसी गळ्यात मारून कमिशन खाणारी एजंट नव्हे, तर माणसाच्या पैशाचं नीट बघून, फी घेऊन, खरं ते तोंडावर सांगणारी आर्थिक सल्लागार. त्यासाठी आता पदवीच्या पुढचं शिक्षण लागतं असा नियम आला होता. मग काय, दादरच्या एका इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षांच्या पदव्युत्तर डिप्लोमाला नाव घातलं. वर्गात सगळी पंचविशीची पोरं, कानात वायरी खुपसलेली. "काकू, जादा पेन आहे का?" एवढ्यापुरतीच त्यांची आणि तिची ओळख. चाळीत ही बातमी गेली तेव्हा लोक पोट धरून हसले. "सल्ल्याचे पैसे?" शेजारचा कोंडीराम म्हणाला. "आमच्या गॅलरीत सल्ला फुकट मिळतो, नि तोपण न मागता!"

पेपर सगळे सुटले. अडलं ते शेवटच्या प्रकल्पावर. खऱ्या माणसाची, खऱ्या कागदांवरून, पूर्ण आर्थिक योजना करायची, तिच्यावर त्याची सही घ्यायची आणि तोंडी परीक्षेला ती परीक्षकांपुढे ठेवायची. गेल्या वर्षी मंजुळाने अतिशहाणपणा केला होता. एक माणूस मनानेच बनवला. वय पस्तीस, राहणार दादर, बायको आणि एक मुलगी. परीक्षकांनी वही चाळली आणि चष्म्यावरून बघत विचारलं, "बाई, ह्यांच्याकडे वर्षभरात एक पाहुणा आला नाही? कुणी आजारी पडलं नाही? कुणी उसने मागितले नाहीत?" आणि केलं नापास. आता एकच संधी उरली होती, येत्या सोमवारी सकाळी अकरा वाजता. ती हुकली की दोन वर्षांची मेहनत आणि फी पाण्यात, आणि चाळीत नाक कापलं जाणार ते वेगळंच.

खरा माणूस म्हणून सासऱ्यालाच धरलं, कारण दाखवण्यासारखं काही असलेला घरात तोच एक होता. नवरा हरेश्वर बेस्टमध्ये कंडक्टर. त्याचा पगार सात तारखेला यायचा आणि वीस तारखेला निरोप घ्यायचा. गुणाजीकडे मात्र मिलची देणी होती. मिल बंद पडल्यावर कैक वर्षांनी हातात पडलेले तीन लाख दहा हजार, सहकारी बँकेत मुदत ठेवीत. आणि भाडेपावतीवर त्याचं नाव असलेली ही खोली, दहा बाय पंधरा, वर पोटमाळा. चाळीच्या जागी टॉवर होणार अशी बोलणी निघाल्यापासून ह्या खोलीच्या किमतीचे असे काही आकडे कानावर यायचे, की म्हातारा स्वतःच्याच घरात जरा जपून चालायला लागला होता.

शनिवारी संध्याकाळी मंजुळाने त्याला आपला सल्ला सांगून टाकला होता. "बाबा, पोरांना हयातीत काही देऊ नका. खोली, पैसे, सगळं तुमच्यामागे आईंच्या नावावर करा, तसं मृत्युपत्र करा. पोरांचं त्यांच्यानंतर." हे सांगणं तिला सोपं नव्हतं. कारण हरेश्वरने तिला दहा वर्षांपूर्वीच कानात सांगितलं होतं, की बाबांनी सगळं आपल्या नावावर केलंय, कुणाला बोलू नको. म्हणजे ती आपल्याच नवऱ्याच्या ताटातलं काढत होती. पण पुस्तकाच्या पहिल्याच धड्यात लिहिलेलं, ज्याला सल्ला द्यायचा त्याचं हित आधी, आपलं नंतर. म्हाताऱ्याच्या मागे म्हातारीला कुणी दारात उभं करणार नाही, हे मंजुळाला घरोघरी फिरून चांगलं माहीत होतं. गुणाजीने सगळं ऐकून घेतलं, हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. "उद्या बगू," म्हणाला.

हे 'उद्या बगू' गॅलरीतून कुणीतरी ऐकलं. 'कागद' आणि 'सही' असे दोन शब्द लालबागेतून निघाले ते रातोरात वडाळ्याला आणि शिवडीला पोचले.

रविवारी सकाळी नऊ वाजता वडाळ्याहून धाकटा दीर दत्तू हजर. त्याचं तिकडे मोटारसायकलींचं गॅरेज होतं. हातात पिशवी, पिशवीत अख्खी सुरमई.

"सहजच आलो," दत्तू म्हणाला.

"सहज तीन किलोची सुरमई?" मंजुळाने पिशवी उघडून कल्ले बघितले. ती वरळी कोळीवाड्यातली, मासा बघितल्याशिवाय तिला माणसावर विश्वास ठेवता येत नसे. "ताजी आहे. काम मोठं दिसतंय, भावजी."

सव्वानऊला शिवडीहून नणंद गुणवंती आली. तिच्या हातात खोबऱ्याच्या वड्यांचा डबा, नारायण तेलाची बाटली आणि बापासाठी दोन नवे बनियन. दाराशीच तिला दत्तू दिसला आणि तिचं तोंड असं झालं, जणू वड्यांत साखरेऐवजी मीठ पडलंय हे तिला आत्ता आठवलं. सणवार सोडले तर ही दोन भावंडं एका रविवारी कधी एकत्र आली नव्हती. ह्याचे रविवार वेगळे, तिचे वेगळे. कुणी ठरवून दिलेलं नव्हतं, पण दहा वर्षं तसं चाललं होतं.

"तुझा आज वार नाही ना?" गुणवंती म्हणाली.

"वार? हे काय देऊळ आहे?" दत्तू म्हणाला. "बापाला बघायला आलो."

"बघ मग. बसलाय बघ."

बाप कॉटवर, पंख्याखाली, मांडी घालून बसला होता. वय बहात्तर, पण मिलमधला साचेवाला, हयात मागावर गेलेली, खांदे अजून रुंद. ओट्याशी त्याची बायको शेवंता वाटण वाटत होती. संपाच्या दिवसांत ह्याच खोलीत अकरा गड्यांची खाणावळ चालवून ह्या बाईने घर ओढलं होतं. तेव्हापासून तिचा आवाज अकरा माणसांना ऐकू जाईल एवढाच लागायचा. "इल्यात काय सगळे?" ती न वळता ओरडली. "मरांक टाकल्यासारखे ह्या पंख्याखाली बसा नको, कोणीतरी खोबरा किसा!"

कुणी खोबरं किसलं नाही. सगळे मंजुळाच्या हातातल्या फाइलकडे बघत होते.

साक्षीदार म्हणून कोंडीरामला बोलावलं होतं. गुणाजीचा साच्यावरचा जोडीदार, संपातला दोस्त. तो चहा पितानाच सुरमईच्या वासाने दुपारपर्यंत थांबायचं ठरवून बसला.

मंजुळाने घसा साफ केला. "बाबा, आधी जोखमीचे प्रश्न. तुमचा स्वभाव कसा, धोका किती पत्करता, ते बघायचं असतं."

"ह्यांचा स्वभाव बघूक कागद कशाक व्हयो?" शेवंता म्हणाली. "माका इचार."

"समजा, तुम्ही गुंतवलेले पैसे सहा महिन्यांत निम्मे झाले. तर तुम्ही काय कराल? अ, सगळं विकून मोकळे व्हाल. ब, थांबाल. क, आणखी पैसे घालाल."

दत्तू पुढे सरसावला. "क! धंद्यात डेअरिंग पाहिजे."

"भावजी, प्रश्न बाबांना आहे."

"तरी पण मी सांगतो ना. क."

"तुझं गॅरेज एक महिना बंद पडलं तेव्हा तू माझ्या दारात येऊन रडला होतास," गुणवंती म्हणाली. "तू अ."

गुणाजीने कोंडीरामकडे बघितलं, कोंडीरामने त्याच्याकडे. "थांबतलंय," गुणाजी म्हणाला. "ब्याऐंशीपासून थांबलंयच मां. संप आमी अजून मागे घेवक नाय."

"कोणी घेतलाच नाय!" कोंडीराम म्हणाला. "आपण अजून संपावर हाव."

असे बारा प्रश्न झाले. गुण मोजले, तर आयुष्यात मटक्याचा आकडा न लावलेला, मुदत ठेवीपलीकडे न गेलेला हा म्हातारा 'आक्रमक गुंतवणूकदार' निघाला. मंजुळाने दोनदा बेरीज केली. हरेश्वरने हौसेने आपलीही उत्तरं लिहून बघितली, तर त्याला छत्तीसपैकी चार मिळाले.

"म्हणजे काय?" त्याने विचारलं.

"म्हणजे तुम्ही पैसे उशीखाली ठेवा," मंजुळा म्हणाली.

मग पान उलटलं आणि खोलीतली हवा बदलली. "मुदत ठेव, तीन लाख दहा हजार," मंजुळाने वाचलं. "खोली, भाडेपावती गुणाजी ह्यांच्या नावाने. आता बाबा, नॉमिनी कोण? मृत्युपत्र केलंय का?"

मंजुळाने वर बघितलं, तर तिला एक चमत्कारिक गोष्ट दिसली. हरेश्वर जमिनीकडे बघून गालात हसत होता. ते तिला ठाऊक होतं, त्याचं गुपित. पण दत्तूही मिशीत हसत होता. आणि गुणवंती पदर तोंडाशी धरून खिडकीबाहेर बघत होती, तिचेही खांदे हलत होते. तिघं, तीन दिशांना, एकच हसू.

"ता मागाहून," गुणाजी म्हणाला. "हंय खाली काय लिवलंय?"

"वरील सर्व माहिती खरी आणि पूर्ण आहे. त्याखाली तुमची सही."

गुणाजी बराच वेळ त्या ओळीकडे बघत राहिला. मग कॉटवरून उतरला, टोपी घातली, कोनाड्यातल्या देवापुढे नारळ ठेवला. "देवाच्या कानार घातल्याशिवाय मी अशा कागदार सई करूचंय नाय. उठा सगळे. गाऱ्हाणा घालतंय."

आता कोकणातल्या घरात म्हाताऱ्याने गाऱ्हाणं म्हटलं की बसून राहायची कुणाची टाप नसते. लग्न असो, बारसं असो, मोटारसायकल घेतलेली असो, घरातला वडीलधारा देवाला गाऱ्हाणं घालतो आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ऐकायचं नसतं, म्हणायचं असतं. लहानपणापासून ह्या पोरांच्या तोंडाला ते असं बसलेलं, की झोपेत म्हटलं तरी चुकायचं नाही. सगळे हात जोडून उभे राहिले. शेवंताही वाटणाच्या हाताने आली.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज हंयसर तुझी लेकरां जमली हत, तेंका बरी बुद्धी दी रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हरेश्वराची बस टायमार पोचव, दत्तूच्या धंद्याक बरकत दी, गुणवंतीच्या झिलाक बारावीक पास कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"ही सून म्हातारपणात शाळेत गेली हा, तिचो मास्तर तिका पावांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" ह्या वेळी मंजुळाही मनापासून म्हणाली.

"ह्या गुणाजीच्या मागे ही खोली नि बँकेतलो पैसो सगळो शेवंताक जांवदे, ती जित्ती आसा तवसर तेका कोणी हात लावल्यान, तर तेची तू वाट लाव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळे म्हणाले. हरेश्वर म्हणाला, दत्तू म्हणाला, गुणवंती तर डोळे मिटून म्हणाली. कोंडीराम सगळ्यांत जोरात. मंजुळाच्या तोंडून मात्र शब्द फुटला नाही. तिला ऐकू आलं होतं.

"आणि झाली चूक पदरात घे रे म्हाराजा! ह्या गुणाजीन हरेश्वराक सांगल्यान, सगळा तुझ्या नावार केलंय, कोणाक बोला नको!"

"व्हय म्हाराजा!"

"ताच दत्तूक सांगल्यान!"

"व्हय म्हा..."

"ताच गुणवंतीक सांगल्यान! नि रकानो ठेवल्यान कोरो!"

"व्हय म्हाराजा!" एकटा कोंडीराम म्हणाला आणि मग त्याने एकेकाच्या तोंडाकडे बघितलं.

गुणाजीने नारळ फोडला. त्यानंतर जे फुटलं त्याचा आवाज चारही मजल्यांना गेला.

"दहा वर्षं!" दत्तू ओरडला. "दहा वर्षं मी ह्या माणसाला एक रविवार सोडून क्वार्टर पोचवतोय!"

"कसली क्वार्टर?" शेवंता म्हणाली. "डॉक्टरान ह्यांका बंद केली हा मां?"

"आई, तू मध्ये बोलू नको."

"मेल्या, तूच तर बोललंस!"

"आणि मी?" गुणवंतीचा आवाज चिरकला. "शिवडीवरून येऊन ह्यांच्या पायाला तेल चोळते! माझ्या सासऱ्याला मी पाण्याचा पेला देत नाही!"

हरेश्वर हळू आवाजात म्हणाला, "मी पंखा दिला. कॉट दिली. दहा वर्षं मी गॅलरीत झोपतोय."

"एकटे नाही झोपत," मंजुळाच्या तोंडून निघून गेलं. "मीपण झोपते तिथे. मला कधी विचारलंत?"

आजवर एकमेकांचा वार चुकवणारी तिन्ही भावंडं एका मिनिटात एक झाली. बापाने फसवलं, बापाने नाचवलं, हा बाप आहे की मुकादम! दत्तू म्हणाला, चल, मी गाऱ्हाणंबिऱ्हाणं काही मानत नाही. तर कोंडीराम म्हणाला, "तू देवापुढे व्हय म्हाराजा म्हटलंयस, मी ऐकलंय." दत्तू म्हणाला, "मी लक्ष नव्हतं दिलं." कोंडीराम म्हणाला, "देवाचं होतं."

"हे ह्यांच्या डोक्यातलं नाही," गुणवंती अचानक थांबून म्हणाली. "बाबांना जन्मात मृत्युपत्र सुचलं नसतं. हे सगळं वहिनीचं आहे."

"हिनाच सांगल्यान," गुणाजी शांतपणे म्हणाला. "नि बरोबर सांगल्यान."

आता सगळ्यांच्या माना मंजुळाकडे वळल्या.

"वहिनी, तुम्हाला ह्यात काय मिळतं?" दत्तूने विचारलं.

"मार्क. शंभरातले पन्नास मिळाले तर पास."

"थट्टा नको."

"थट्टा कुठे करतेय? ह्या सल्ल्यात सगळ्यात जास्त माझंच जातंय, भावजी. ह्यांना वाटत होतं खोली आपली. मलाही वाटत होतं." "पण बाबा उद्या गेले, तर आईंना तुम्ही तिघं महिन्यामहिन्याने वाटून घ्याल. फेब्रुवारी आला की प्रत्येक जण म्हणेल, माझ्याकडे फेब्रुवारी. मी रोज दुसऱ्यांच्या घरात हे बघते. आपल्या घरात खोटं लिहू?"

हरेश्वर तिच्याकडे बघत होता. चिडलेला असता तर बरं, पण त्याला लागलं होतं. "मला आधी सांगायचं होतंस," तो म्हणाला. "एवढंच. मला."

तो गॅलरीत गेला आणि पाठ करून उभा राहिला.

"पण का, बाबा?" गुणवंती रडायला लागली. "आमच्याशी खोटं का बोललात?"

गुणाजी कॉटवर बसला. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. "संपात माझो हात रिकामो होतो. दीड वर्स. हंय माहीमाक माझो सख्खो भाव रवायचो, तो ह्या जिन्यान एकदा वर चढलो नाय. वाटेत दिसलो तर रस्तो बदलायचो. नि देणी मिळाली तसो चार दिवसांत पेढे घेवन इलो! ता मी बघलंय. एकाचा नाव रकान्यात घातलंय असतंय, तर बाकीचे दोघे इले असते? कोरो ठेवलंय म्हणान तिघय येतत. माका क्वार्टर नको होती रे. तू जिनो चढतंस, ता व्हया होता."

दत्तूने चपला घातल्या. "असं असेल तर आता येतच नाही, बघा," तो म्हणाला, आणि सुरमई परत न्यायला वळला. ती एव्हाना तव्यावर होती. तो तसाच गेला. गुणवंतीने तेलाची बाटली उचलली, बनियन मात्र ठेवले, आणि तीही गेली. सुरमई शेवटी कोंडीरामने खाल्ली, आणि 'मीठ बेताचं आहे' असं सांगूनही गेला.

तीन वाजता फाइल घेऊन मंजुळा पुन्हा कॉटशेजारी बसली. एकच पान उरलं होतं. तिला ते उलटायचीही लाज वाटत होती. "बाबा, शेवटचं. ह्या सगळ्या योजनेतून तुम्हाला काय साधायचंय? म्हणजे उद्दिष्ट. लोक मुलीचं लग्न, घर, असं लिहितात."

"पोरा येवक व्हयी," गुणाजी म्हणाला. "रयवारी."

तिने ते लिहिलं. शेजारी छापलं होतं, लागणारी रक्कम. तिचं पेन तिथेच थांबलं. गुणाजीने तिच्या हातातून ते काढून घेतलं आणि खाली सही केली, आपल्या साचेवाल्याच्या मोठ्या, तिरक्या अक्षरात. नॉमिनीच्या रकान्यात शेवंताचं नाव पडलं, तिनेही सही केली आणि शेजारून येऊन कोंडीरामने साक्षीची. सही मिळाली होती, आणि मंजुळाला आनंद म्हणून होत नव्हता.

दुसऱ्या दिवशी परीक्षक तेच. त्यांनी ह्या वेळी पान न पान वाचलं, पाहुण्यांचा खर्च बघून मान हलवली, आणि शेवटच्या पानावर अडले.

"उद्दिष्ट एक. रविवारी मुलांनी घरी यावं. मुदत, मरेपर्यंत. ह्याची तरतूद कुठे आहे?"

"नाही सर. करता आली नाही. खाली लिहिलंय."

खाली तिने लिहिलं होतं, की माझ्या सल्ल्यामुळे हे उद्दिष्ट धोक्यात आलं आहे.

परीक्षकांनी चष्मा काढून पुसला. "बाई, उद्दिष्ट मांडलं की तरतूद दाखवावी लागते. दोन मार्क जातील." तरीही चौसष्ट मिळाले. मंजुळा पास झाली. पेढे आणले, तर हरेश्वरने एक उचलला आणि फक्त "डबा भरलास का?" एवढंच विचारलं. आठवडाभर त्याचं बोलणं डब्यापुरतंच राहिलं.

पुढच्या रविवारी गुणाजीने आठ वाजताच दाढी केली. नव्यातला एक बनियन घातला आणि कॉट ओढून जिन्याकडे तोंड करून बसला. दहा वाजले. अकरा वाजले. जिन्यावर पावलं वाजली की मान वर व्हायची, पाणीवाला नाहीतर कोंडीराम निघायचा. साडेबाराला शेवंता म्हणाली, "वाडू काय?" तो म्हणाला, "थांब." मंजुळाला ते बघवेना. चौसष्ट मार्क घेऊन काय करायचं होतं, असं तिला खरंच वाटलं. आतून येऊन ती म्हणाली, "बाबा, माझं चुकलं का?" तो जिन्याकडेच बघत राहिला.

सव्वाएकला दत्तू आला. हात हलवत, रिकामा. चपला न काढताच दारात उभा राहिला. "मी जेवायला नाही आलेलो," तो म्हणाला. "भांडायला आलोय. आठवडाभर झोप नाही मला. दहा वर्षांच्या क्वार्टरचा हिशेब द्या!"

दहा मिनिटांत गुणवंती, धापा टाकत. "हा आधी पोचला ना? मला वाटलंच! आईला एकटी गाठून घोळात घेणार हा!"

"माका कोण घोळात घेता ता बगतंय," शेवंता म्हणाली. "माज्या नावार हा आता. आवाज खाली. नि चपला भायर!"

दत्तूने चपला बाहेर काढल्या. मग हरेश्वर गॅलरीतून आत आला, आठ दिवस तोंडात धरलेलं सगळं घेऊन. मी मोठा, मी गॅलरीत झोपलो, तुम्ही एखाद्या रविवारी येऊन साव! तिघं बापावर, बाप तिघांवर, आणि मधूनच तिघं एकमेकांवर. संपात कुणाची शाळेची फी चुकली, कुणाला जुनी चड्डी मिळाली, गणपतीत कुणाला गावी नेलं नाही, तीस वर्षांचं सगळं बाहेर आलं. शेवंताने मध्येच ताटं मांडली, आणि भांडता भांडताच सगळे जेवले. भात दोनदा लावावा लागला. हरेश्वर मंजुळावरही ओरडला, आठ दिवसांत पहिल्यांदा, चांगली चार वाक्यं, आणि तिने त्याला पाच परत दिली.

चार वाजता दत्तू उठला. "हे संपलेलं नाही, बाबा! पुढच्या रविवारी बघतोच तुम्हाला!"

"मीपण येणार!" गुणवंती म्हणाली. "ह्याला एकट्याला सोडणार नाही!"

"येवा," गुणाजी म्हणाला. "बगतंयच मीपण."

ते जिना उतरून दिसेनासे होईपर्यंत तो कठड्याला धरून उभा होता. मग वळला. ओरडून ओरडून त्याचा आवाज बसला होता आणि चेहरा नुसता फुलला होता. मंजुळा खरकटी ताटं गोळा करत होती, तिला त्याने हाक मारली.

"गो मंजुळा. उद्या तुझ्या मास्तराकडे जा. तेका सांग, ते दोन मार्क परत दी."